लबाडाचा चीक

आमची आत्या लॉन्ड्रीत इस्त्री करायची आणि सुट्टीच्या दिवशी गल्लीतल्या हौशी लोकांना घेऊन डोंगर चढायची. तिची जीभ इस्त्रीपेक्षा तापट. कुणी पान तोडून "हे काय?" असं विचारायचा अवकाश, ती पटकन नाव सांगायची आणि पान तोडलं म्हणून हातावर फटकाही द्यायची. झाडाचं नाव सांगायला तिला कधी वेळ लागला नाही. एकदाच लागला, माझ्या डोळ्यांदेखत.

डोंगरवाटेवर रखवालदाराच्या खोलीमागे माणसाहून उंच झाडं माजली होती. पोकळ देठ, छत्रीसारखी पांढरी फुलं. आत्या त्या झाडाला 'लबाड' म्हणायची. चीक अंगाला लागला तरी तेव्हा काही कळत नाही. त्यावर ऊन पडलं की दुसऱ्या दिवशी पट्ट्यापट्ट्यांनी फोड उठतात.

त्याच झाडांत रखवालदार डोकं फुटून पडलेला सापडला. भर दुपारी कुणीतरी त्याला दगडाने ठेचलं होतं, झटापटीत झाडं पार चिरडली होती. दवाखान्यात तो शुद्धीवर येईना. दुसऱ्याच दिवशी गल्लीने गुन्हेगार ठरवूनही टाकला: करवतींना धार लावणारा. त्याचं रखवालदाराशी वाजलं होतं, एवढा पुरावा गल्लीला बास झाला.

लॉन्ड्रीसमोरच त्याला धरला. लाथा, पट्टे, त्याच्याच दुकानातला दांडा. त्याचा जबडा वाकडा झाला, दात रस्त्यावर पडले. मारणाऱ्यांत आमचे आतोबा सगळ्यांत पुढे. एरवी भांडण दिसलं की रस्ता बदलणारा माणूस! एवढ्या उकाड्यात शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद.

आत्या दारात नुसती उभी होती. मला तिचा भयंकर राग आला.

"आत्या, मरेल तो! बोल ना काहीतरी!"

धारवाल्याने डोकं वाचवायला हात वर केले. उघडे हात, रक्त होतं, पण फोड एकही नव्हता. तेव्हा कुठे ती हलली. कोपरांनी गर्दी फोडत आत घुसली आणि तिने आतोबांची बाही खसकन फाडली. आत पट्टी होती. तीही ओढली. पट्टीबरोबर कातडी निघाली, आतोबा किंचाळले. मनगटापासून कोपरापर्यंत टपोरे फोड.

"लबाड आहे हा," आत्या म्हणाली. "झाडाचं नाव सांगतेय. रखवालदाराच्या खोलीमागे असतं."

पत्त्यांच्या डावात रखवालदाराने चारचौघांत आतोबांच्या थोबाडीत मारली होती, ते सगळ्यांना आत्ता आठवलं. तोच दांडा आता आतोबांवर उठला. आत्या मध्ये पडली. तिचं मनगट मोडलं, पण पोलीस येईपर्यंत ती नवऱ्यावरून हटली नाही.

जबड्याच्या तारा निघाल्यावर धारवाला लॉन्ड्रीत आला. बसला नाही.

"ताई, ते फोड तुम्ही कधी ओळखले?"

मी आत्याकडे पाहिलं. ती पट्टी कुणी बांधली असेल, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिने इस्त्री उभी केली आणि नेहमीसारखं लगेच उत्तर दिलं.

"सकाळीच. पट्टी मीच बांधली होती."