लिलीला घरात मनाई

सेगुला शिरगावकर हे नाव शिरगावच्या कोळणींना कधीच नीट म्हणता आलं नाही. लग्न होऊन ती गावात आली त्याच वर्षी तिची शेवगाबाय झाली आणि तिनंही ते मुकाट्यानं मान्य केलं. बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, गावातलं हे एकच घर. सेगुला ब्लाउज शिवते. शनिवारी मशीनला हात लावत नाही, म्हणून शुक्रवारी दुपारी तिच्या ओट्यावर मासळीबाजारापेक्षा जास्त आरडाओरडा असतो.

गेल्या वर्षी तिची लेक रिबेका बाळंतपणाला आली. सेगुलानं आईकडून आलेला जुना कागद खाटेच्या वर टांगला. त्यावर हिब्रू अक्षरं आणि मधोमध उघडा पंजा.

“ह्यो कागूद कसला गो?” शेजारच्या जमुनानं विचारलं.

“देवदूतांची नावं आहेत. सनोय, सनसनोय, समनगलोफ. लिलीथ नावाची एक बया बाळ न्यायला बाळंतिणीच्या खोलीत शिरते. ही नावं दिसली की दारातूनच परत फिरते.”

जमुनाची सून अपेक्षा तेव्हा पोटुशी होती. तिच्या उशाखाली ठेवायला कोयता तयार होता, बाळासाठी काळे मणी ओवून झाले होते. आता हाही बंदोबस्त हवाच, म्हणून जमुनानं पालघरहून कागदाची रंगीत झेरॉक्स काढून आणली, लॅमिनेट करून दारावर ठोकली.

अपेक्षाला मुलगा झाला. माय-लेक घरी आल्यावर आरोग्य उपकेंद्रातल्या नव्या सिस्टर स्कूटी घेऊन आल्या. मूळच्या केरळच्या, बोलायला गोड.

“बाळाचं वजन घ्यायचंय,” त्या दारात म्हणाल्या.

“नाव काय तुमचा?”

“लिली.”

जमुनानं दोन्ही हात पसरून चौकट अडवली. “बाळ घ्याया आली नं तू?”

“बाळ नाही हो, वजन!”

“आज वजन, उद्या बाळ!” जमुनानं डोळे मिटले आणि आठवतील तशी नावं ओरडायला लागली, “सनोय! सनसनोय! सामान गेलं!”

लिली सिस्टरनी दचकून मागं पाहिलं. लसींचा डबा स्कूटीवरच राहिला होता. त्या धावत सुटल्या.

“पलाली!” जमुनानं डोळे उघडले. “शेवगाबाय, तुझा कागूद लय पावरबाज हाय!”

सेगुला गळ्यात टेप, तोंडात टाचण्या अशीच धावत आली. टाचण्या काढून तिनं समजावलं, ही लिली वेगळी, ती लिलीथ वेगळी. जमुना ऐकेना. “मी सोता बघितला. नाव ऐकला नि पलाली.”

डबा शाबूत असल्याची खात्री करून सिस्टर परत आल्या. आतून अपेक्षा ओरडत होती, “आई, त्यांना येऊ द्या, बाळाची सुई राहिलीय!”

सेगुलाला पेच पडला. पवित्र अक्षरांना तर हात लावायचा नाही. शेवटी तिनं मार्कर घेतला आणि प्लास्टिकवर, खालच्या कोपऱ्यात लिहिलं : ‘लिली सिस्टर सोडून.’

“तुमच्या देवाला मराठी कलतं?” जमुनानं संशयानं विचारलं.

“आम्ही घरात भांडतोसुद्धा मराठीत. त्याला सवय आहे.”

“नुसतं लिली नको,” सिस्टर गंभीरपणे म्हणाल्या. “आडनाव लिहा. उगाच दुसरी कोणी माझ्या नावावर आत जाईल.”

हे मात्र जमुनाला एकदम पटलं. तिनं त्यांच्यासाठी चहा टाकला. बाळानं तराजूतच सिस्टरच्या बाहीवर धार सोडली तेव्हा तर ती हसून हसून खाली बसली.

नंतर गावात ज्या ज्या घरी पाळणा हलला, तिथं जमुनाच्याच कागदाची झेरॉक्स गेली, कोपऱ्यातल्या सवलतीसकट.

त्या दिवशी संध्याकाळी जमुना सेगुलाकडं टोपभर कोलंबी घेऊन आली.

“खवले नसलेलं आम्हाला चालत नाही गं,” सेगुला ओशाळून म्हणाली.

“अरे देवा! तुमच्या देवाचं लय नखरं हाय,” म्हणत जमुनानं टोप उचलला आणि रावस आणायला घरी गेली.