रफूताईंची पावती आणि बाथरूमची कडी

रफूताईंनी घरमालकाला दोन तास बाथरूममध्ये कोंडून ठेवलं आणि डिपॉझिट वसूल केल्यावरच बाहेर काढलं, अशी बातमी सोमवारी दुपारपर्यंत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोचली होती. गच्चीवर पोचेस्तोवर तिला कात्रीही चिकटली होती. बातमी साफ खोटी. एक तर दोन तास नव्हे, अकरा मिनिटं. दुसरं म्हणजे कडी मालकांनी स्वतःच्या हातानं लावली, तीही आतून. कात्री मात्र खरी, पण तिची पाळी शेवटी येते.

रफूताई म्हणजे तिसऱ्या मजल्यावर नऊ वर्षं भाड्यानं राहिलेल्या, कपड्यांना रफू करून देणाऱ्या बाई. कोटाला पडलेलं भोक त्या असं बुजवतात की पुढे ते शोधायला गिऱ्हाइकालाच चष्मा लागतो. तोंड मात्र त्यांनी कधी शिवून घेतलेलं नाही. धंद्याची त्यांची एक शिस्त आहे. कपडा हातात आला की आधी खिडकीशी धरायचा, जुने डाग, भोकं, उसवलेली शिवण गिऱ्हाइकाला दाखवायची, पावतीवर लिहायची आणि खाली त्याची सही घ्यायची. "नाहीतर नेताना म्हणतात, बाई, हे तुमच्याकडेच झालं," असा त्यांचा अनुभव.

अलीकडे गुडघ्यांनी तीन मजल्यांशी असहकार पुकारला होता. दोन गल्ल्या पलीकडे, रस्त्याकडे खिडकी असलेली तळमजल्याची खोली ठरली होती. तिचं डिपॉझिट सोमवारी संध्याकाळपर्यंत भरलं नाही, तर ती खोली एका न्हाव्याला जाणार होती. आणि भरायला पैसे होते ते एवढेच, मालकांकडे अडकलेले.

सकाळी मालक खोली ताब्यात घ्यायला आले. माणूस वाईट नाही. फक्त खिशातून पैसे काढायचे म्हटलं की त्यांच्या हाताला मुंग्या येतात. भरदिवसा टॉर्च घेऊन ते कोपरान्कोपरा तपासत सुटले.

"रंग उडालाय."

"नऊ वर्षं झाली, मालक. तेव्हा माझे केसही काळे होते."

"केसांचं मला सांगू नका. रंगाचे कापणार. काच तडकलीय, तिचे कापणार. आणि बाथरूमची कडी बिघडवलीत, तिचे वेगळे."

"कडी पहिल्यापासून अडकते."

"काहीतरीच. मी घर दिलं तेव्हा लोण्यासारखी सरकत होती. आता बघा काय करून ठेवलंय, दाखवतोच." असं म्हणत मालक आत गेले, दार लोटलं, कडी सरकवली. दाखवायचं ते फारच चांगलं दाखवून झालं. कडी बसली ती बसलीच.

दोन-तीन धक्क्यांनंतर आतून आवाज आला. "ताई, हे उघडत नाहीये."

"तेच मी नऊ वर्षं सांगतेय," म्हणत ताईंनी ट्रंकेतून जुनं पावतीपुस्तक काढलं आणि त्यातला एक कागद दाराच्या फटीतून आत सरकवला.

मालकांनी टॉर्च लावला. गिऱ्हाईक : मालक. कपडा : खोली, एक. आधीचे दोष : काच तडकलेली, भिंतीला सात खिळ्यांची भोकं, बाथरूमची कडी अडकते. खाली मालकांची झोकदार सही. खोली घेताना ताईंनी पावती पुढे केली, तेव्हा मालकांनी हसत हसत केलेली.

"सही माझीच दिसतेय," आतून आवाज आला. पाठोपाठ, "पण रंगाचं यात काही नाही."

"तुमच्या तपकिरी कोटाचं कोपर झिजून माझ्याकडे रफूला आलं, तेव्हा मी म्हटलं का, कोट फाडलात म्हणून? झिजणं वेगळं, फाडणं वेगळं. करारात सातव्या कलमात तेच लिहिलंय, रोजच्या वापरानं होते ती झीज भाडेकरूच्या माथी नाही. करार तुम्हीच छापून आणलात. मी फक्त वाचला."

आतला टॉर्च विझला. मग, "बरं, सगळे देतो. दार उघडा आधी."

"आतून दिलेला शब्द मी धरत नाही. बाहेर या, उजेडात बसा, मग बोला."

ताईंनी कात्रीचं टोक फटीत घातलं आणि उसवताना टाका उचलतात तशी कडी उचलून मागे सरकवली. मालक घामाघूम होऊन बाहेर आले. ताईंनी त्यांना ट्रंकेवर बसवून पाणी दिलं. आता शब्द फिरवायला ते मोकळे होते, आणि ताईंना ते ठाऊक होतं. त्या गप्प उभ्या राहिल्या, एवढं गप्प त्यांना नऊ वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

मालकांनी कपाळ पुसलं. पुसता पुसता बाहीच्या कोपराकडे लक्ष गेलं. तोच तपकिरी कोट. रफू कुठे होतं ते त्यांना दोनदा बघूनही सापडेना.

"खिडकीच्या फळीवर इस्त्रीचा डाग आहे," ताईच म्हणाल्या. "तो माझा. त्याचे कापा."

"सुताराचे तेवढे कापतो," म्हणत मालकांनी मोबाईल काढला, बाकीचे सगळे पाठवले आणि न सांगता फळीची पावतीही लिहून दिली.

दुपारी शिलाई मशीन खाली उतरत होतं. जिन्यात ताईंना दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी गाठलं. सकाळी त्यांनी फक्त दार ठोठावल्याचा आवाज ऐकला होता, उरलेलं सगळं मनानंच रचलं होतं.

"काय हो ताई, मालकांना कोंडलंत म्हणे?"

ताई कठड्याला धरून एक पायरी उतरल्या आणि म्हणाल्या, "मी कोंडलं असतं, तर अकरा मिनिटांचं भाडं लावलं असतं."