तो वर गेला कसा

चाकणच्या एका कंपनीत मी सुपरवायझर होतो. शेडमधली लाइट बदलायला शिडी कोण आणत बसणार? फोर्कलिफ्टच्या काट्यांवर लाकडी पॅलेट ठेवायचं, त्यावर माणूस उभा करायचा आणि त्याला वर न्यायचं, ही आमची रीत. एका दुपारी आमचा इलेक्ट्रिशियन तिथून पडला आणि त्याचा हात मोडला.

रिपोर्ट इंग्रजीत हवा होता. मी आधी 'क्लाइंब' लिहिलं, पण ते पटेना. क्लाइंब करणारा स्वतःच्या हातापायांनी चढतो. 'राइज' म्हणावं तर तसा धूरही आपोआप वर जातो. याला तर उचललं होतं, म्हणून 'लिफ्ट' लिहिलं.

साहेब म्हणाले, "क्लाइंबच राहू द्या हो. लिफ्ट म्हटलं की कोणी उचललं, तेही लिहावं लागेल."

माझं डोकं फिरलं. "मग लिहितो की!" म्हणत मी कागद ओढला.

फोर्कलिफ्टवाल्याचं नाव लिहायला घेतलं आणि आठवलं. "घे रे त्याला वर," असं त्याला ओरडून सांगणारा मीच होतो.

मी 'लिफ्ट' खोडलं, पुन्हा 'क्लाइंब' लिहिलं आणि सही केली. त्या कागदावर तो आजही स्वतःच चढलेला आहे.