मी मान वाजवली नाही

"मॅडम, कॅमेरा चालू आहे. करा सुरुवात," सर म्हणाले.

अक्का टेबलावर उताण्या झोपल्या होत्या. त्यांची मान माझ्या दोन्ही तळहातांत होती. मी ती हळूच उशीवर ठेवली.

"नाही करत," मी म्हणाले.

मी फिजिओथेरपिस्ट. सांध्यांवर हातानं उपचार करण्याचं वेगळं प्रशिक्षणही घेतलंय. लोक सरसकट त्याला 'कायरो' म्हणतात. कोल्हापुरात सरांच्या ज्या क्लिनिकमध्ये मी नोकरी करत होते, तिथं पेशंटच्या कॉलरला माइक लावून व्हिडिओ काढायचे. मान झटक्यात फिरवली की 'कट्' आवाज यायचा आणि दुसऱ्या दिवशी वेटिंग वाढायचं. हाड जागेवर बसलं म्हणून तो आवाज येतो, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो, त्याचा तो आवाज. काही जणांना त्या झटक्यानं खरंच आराम पडतो. पण ज्याला द्यायचा त्याला आधी तपासावं लागतं.

अक्का कागलकडच्या. घरी म्हशी, धारा त्याच काढायच्या. मान दुखते म्हणून मुलगा त्यांना घेऊन आला होता. सरांनी एक्स-रे बघून 'झीज आहे, ॲडजस्ट करा', म्हणजे झटका द्या, एवढंच सांगितलं होतं. मान हातात घेतल्यावर मी विचारलं होतं, "हाताला काही होतंय का?"

"मुंग्या येत्यात. आन् धार काढताना सड निसटतंय हातातनं. म्हसबी वैतागलीया."

म्हणून मी थांबले. त्यांना उठवून बसवलं. मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली, तर अंगठा आपोआप आत वळला. एका रेषेत चालायला सांगितलं, तर त्यांनी लगेच भिंत धरली. मेंदूकडून निघालेली नसांची जाड दोरी मानेच्या मणक्यांतून खाली जाते. तिच्यावर दाब आला की अशी लक्षणं दिसतात. अशा मानेला झटका दिला तर माणूस लुळा पडू शकतो.

मुलगा चिडला. "मॅडम, कामधंदा सोडून आलोय आम्ही. करायचं न्हाय तर बोर्ड कशाला लावलाय?"

"आधी एमआरआय करा. न्यूरोसर्जनना दाखवा. आजच."

सर पुढं आले. "बाहेर लोक बसलेत. हलक्या हातानं करून टाका. मी सांगतोय ना?"

"मग तुमच्या हातानं करा, सर. कॅमेरा चालूच आहे."

सरांनी हात पुढं केला नाही. कॅमेरा मात्र बंद करायला लावला.

अक्का पदर सावरत मुलाला म्हणाल्या, "चल रं. बाई कायतर बघूनच बोलाय लागलीया. त्यो फोटो काढून घिऊया."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "आजपासून तुम्ही फक्त गुडघे बघा."

"बघते. पण मानेचं कोणी विचारलं तर हेच सांगणार."

त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

एमआरआयमध्ये मानेतली गादी सरकून त्या दोरीत रुतलेली दिसली. ऑपरेशन झालं. अक्कांचा तोल सुधारला, पकड बरीचशी परत आली. बोटांच्या टोकांची बधिरता तेवढी राहिली. आता घरी धारा सून काढते. एका म्हशीला मात्र अक्का कुणाला हात लावू देत नाहीत.

हे कळल्यावर सरांनी मला पुन्हा बोलावलं. आता त्यांना 'आमच्या क्लिनिकनं पेशंट वाचवला' असा व्हिडिओ हवा होता, माझ्या तोंडून. त्यालाही मी नाही म्हटलं आणि राजीनामा दिला. हल्ली उचगावात पेशंट बघायला माझी स्वतःची खोली आहे. माइक नाही. गर्दीही बेताचीच असते.

मान दुखत असेल, आणि सोबत हातातल्या वस्तू निसटत असतील, चालताना तोल जात असेल, तर ती मान कुणालाही झटकायला देऊ नका. मलासुद्धा.