मानेनं मोजलेले वीस

माझी धाकटी बहीण ऑपरेशन थिएटरात नर्स आहे. थिएटर हा शब्द तुम्ही आमच्याकडून पळवलात, असं मी म्हणतो. ती म्हणते, दादा, तुमच्या थिएटरात लोक आपले आपण झोपायचे, आमच्याकडे झोपवावे लागतात. चाळीस वर्षं नाटकात काढलेल्या माणसाला घरचा आहेर मिळायचा तो असा.

सव्वीस वर्षं ती टेबलाशी उभी आहे. डॉक्टरांनी हात पुढे केला की हवं ते हत्यार न मागता तळव्यात बसतं. टेबलाबाहेरचं सगळं तिची मैत्रीण सांभाळते. अंगानं काडी आणि बोलायला टोकदार, म्हणून तिला सगळे टाचणी म्हणतात.

पोट शिवण्याआधी रक्त टिपायचे कापडी तुकडे, म्हणजे मॉप, दोघींनी मोठ्यानं मोजायचे आणि टाचणीनं आकडा फळ्यावर लिहायचा, हा नियम. एक जरी आत राहिला तरी माणसाच्या जिवावर बेततं. पण अकरा वर्षांच्या जोडीत हे मोठ्यानं बोलणं कधी गळून पडलं, दोघींनाही कळलं नाही. धाकटी ट्रेवरच्या मॉपांचा आकडा बोटांनी दाखवायची, टाचणी बादलीतले वापरलेले त्यात मिळवून मान हलवायची, झालं. माझ्या थिएटरात शब्द खर्ची पडत नाहीत, असं डॉक्टर कौतुकानं सांगायचे. मी म्हणायचो, मुरलेली जोडीच वाक्यं गाळते आणि प्रयोग पाडते, नवखे बिचारे सगळी म्हणतात. धाकटीला ते झोंबायचं.

त्या दिवशी टेबलावर एक शाळामास्तर होते. सुरुवातीला वीस मॉप काढले होते. धाकटीनं बोटं दाखवली, टाचणीनं मान हलवली. मोजणी बरोबर, वीस, असं धाकटीनं सांगितलं आणि डॉक्टरांनी सुई घेतली. दोन टाके पडले, तेवढ्यात भूल देणारे डॉक्टर टाचणीला म्हणाले, मगाशी वॉर्डात फोन केलास का विचारलं तर मान हलवलीस, पण तिकडून अजून कुणी आलं नाही.

धाकटीनं फळ्याकडे पाहिलं. ती मान तिच्यासाठी नव्हतीच. फळा कोरा होता. टाचणीला डोळ्यांनी खुणावून गुपचूप मोजता आलं असतं, पण तोवर पोट बंद झालं असतं. बोलावं, तर स्वतःचं सव्वीस वर्षांचं नाव जाणार, आणि मैत्रिणीचंही.

"डॉक्टर, थांबा," ती म्हणाली. "मी बरोबर म्हणाले, पण आम्ही मोजलेच नाहीत."

मोजले. वीसच्या वीस निघाले. डॉक्टर एवढंच म्हणाले, की आता शिवू या.

रुसली ती टाचणी. अकरा वर्षांत एक तरी कमी भरला का, चारचौघांत माझं नाक कापलंस, असं तिनं हात धुता धुता सुनावलं. त्यानंतर चार दिवस काम चोख, पण चहा वेगळ्या बाकावर. धाकटी आता मोठ्यानं मोजायची, तर मास्कमधून नीट ऐकू येत नाही म्हणून टाचणी प्रत्येक आकड्याला मुद्दाम "काय?" विचारायची. धाकटी माझ्याकडे येऊन रडवेली झाली. चूक सांगितल्याचं तिला दुःख नव्हतं. ही जोडीदारीण गेली तर टेबलाशी उभी कशी राहू, एवढाच घोर होता.

भांडण मिटवणं मला जमत नाही. आवाज फेकायला मात्र शिकवता येतं. मी दोघींना बोलावलं. टाचणी आली ती माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊनच. ते सगळं ऐकून घेतलं आणि दोघींच्या तोंडाला रुमाल बांधले. एकीला खिडकीशी उभं केलं, एकीला दाराशी, आणि मॉपांऐवजी मोजायला हातात चमचे दिले. घशातून नको, पोटातून बोला, म्हटलं. सोळापर्यंत छान गेलं. मग मी मध्येच टाचणीला विचारलं, वॉर्डात फोन केला का?

तिची मान हलली. सवयच ती. मग ती थबकली आणि रुमाल काढून खुर्चीत बसली.

"हेच केलं मी त्या दिवशी," ती म्हणाली.

"आणि मी फळा न बघता तुझी मान बघितली," धाकटी म्हणाली.

मग टाचणीनं नाक पुसलं आणि रुमाल पुन्हा बांधला.

"चल, सोळापासून पुढे."

"एकपासून," धाकटी म्हणाली.

"डोकं खाणार आहेस तू माझं रोज."

"रोज."

मग दोघींनी एकपासून मोजले, इतके खणखणीत, की खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका वर येऊन विचारून गेले, नवीन नाटक कधी लागतंय.