तोड नाही तं घर नाही

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्यामुळं लिहिताना 'मला' आणि 'तुला' लिहिते. रागावले की मात्र 'मले' आणि 'तुले' निघतं, आणि गेले काही महिने मी रागावलेलीच आहे. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. नाही घेतलं तरी माझं काही बिघडत नाही.

दिवाळीनंतर माझ्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालतात, आणि बोलणं गेलं. अगदी सगळं गेलं असंही नाही, एक शब्द राहिला. 'हौ.' आमच्या नागपुरात 'हो'ला 'हौ' म्हणतात. चहा पाहिजे का? हौ. चहा नको का? हौ. पाठ दुखून राहिली का? हौ. तुम्ही माकड आहात का? तरी हौ. हा शेवटचा प्रश्न मीच विचारला होता, दवाखान्यातून घरी आल्यावर चौथ्या दिवशी, वैतागून. हे 'हौ' म्हणाले, आणि मग डोळ्यात पाणी येईपर्यंत हसले. तेव्हा मला कळलं की माणूस आत शाबूत आहे, तोंडातून दुसरं काही निघत नाही एवढंच.

पण हे मला कळलं. बाकीच्यांना कोण पटवणार? घरी भेटायला येणारे मोठ्यानं बोलायचे, एकेक अक्षर सुटं करून. अरे बाप्पा, जीभ गेली आहे, कान नाही गेले.

घरात एक जुना कॉम्प्युटर आहे. मुलगा इंजिनिअरिंगला होता तेव्हा घेतलेला, पडदा लहानसा आणि मागं हंड्याएवढं पोट. मुलगा पुण्याला नोकरीला गेला, डब्बा इथंच राहिला. त्यात बॅकगॅमन नावाचा एक खेळ आहे, कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीतला. आपल्या सारीपाटाचा लांबचा भाऊ म्हणा. दोन फासे, पंधरा सोंगट्या आपल्या, पंधरा कॉम्प्युटरच्या. पाटावरून फिरवत सगळ्या आपल्या घरात आणायच्या, मग एकेक बाहेर काढायची. ज्याच्या आधी संपल्या तो जिंकला. वाटेत समोरच्याची एकटी सोंगटी सापडली तर तिला मारायची, की ती पुन्हा पहिल्यापासून. मुलानंच एका सुट्टीत बापाला शिकवला होता.

हे कोराडीच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते. सगळा जन्म काट्यांकडे आणि दिव्यांकडे बघण्यात गेला, त्यामुळं निवृत्त झाल्यावर डोळ्यांना बघायला काही तरी लागायचं. रोज दुपारी जेवण झालं की डब्ब्यासमोर. मी नावं ठेवायची, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणायची. त्यांनी कधी उलटून उत्तर दिलं नाही. तेव्हा देता येत होतं तरी दिलं नाही.

झटक्यानंतर व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, डाव्या हाताला काम द्या. मी माउस उचलून डावीकडे ठेवला. पहिले पंधरा दिवस तो बाण पडद्यावर नुसता सैरावैरा पळायचा आणि हे घामाघूम व्हायचे. माघ संपेपर्यंत मात्र डाव लागायला लागला. मी शेजारी बसून भाजी निवडायची. खेळ मला समजत नव्हता, एवढंच दिसायचं की हे बहुतेक हरतात, आणि कधी कधी मधेच डाव बंद करून नवा लावतात. दमले असतील, असं मी धरून चालले. एप्रिल लागला तशी कूलरची हवा आधी डब्ब्याला आणि उरली तर आम्हाला, असा नियम झाला, कारण तो तापला की बंद पडायचा.

त्याच एप्रिलमध्ये मुलगा चार दिवसांची रजा काढून आला. येताना एक अर्ज घेऊन आला. वर्धा रोडच्या बाजूला अशा पेशंटांना ठेवून घेणारं एक केंद्र आहे, त्याचा. मुलगा वाईट नाही, हे आधीच लिहून ठेवते. हे दोनदा बाथरूममध्ये पडले होते. दुसऱ्यांदा मला उचलता आलं नाही, खालच्या मजल्यावरच्या माणसाला हाक मारावी लागली, आणि ती गोष्ट त्याच माणसानं मुलाला फोनवर सांगितली. माझे गुडघे तर पायऱ्या मोजूनच उतरतात. मुलगा म्हणाला, "आई, तुले झेपून नाही राहिलं." यात खोटं काय होतं?

दुसऱ्या दिवशी आम्ही ते केंद्र बघायला गेलो. जागा स्वच्छ होती, झाडं होती. एका हसऱ्या बाईनं यांची तपासणी घेतली. आज वार कोणता? हौ. या तुमच्या कोण? हौ. तुम्हाला इथं राहायला आवडेल ना, काका? हौ. बाईनं अर्जावरच लिहून घेतलं. घरी येऊन मी अर्ज वाचला. 'आकलन क्षीण' असं एका रकान्यात, आणि खाली शेवटच्या ओळीत, 'रुग्णाने होकार दिला.'

माझं डोकंच फिरलं. मी मुलांना अव्ययं शिकवलेली बाई आहे. संमतिदर्शक वेगळं आणि व्यर्थ उद्गारवाची वेगळं, हे सातवी-आठवीच्या पोराला कळतं. 'मेलं', 'बापडं', 'म्हणे' जसं आपण उगाच तोंडात घोळवतो, तसं यांचं 'हौ' आहे. त्यातून होकार काढायचा? मग त्यांना विचारा, तुम्हाला घरीच राहायचं आहे का? तेव्हाही हौच म्हणतील. ते काहून नाही विचारलं? मुलगा म्हणाला, तेच तर म्हणतोय मी, त्यांच्या म्हणण्याला आता अर्थ राहिला नाही, म्हणून आपल्यालाच ठरवावं लागेल. इंजिनिअर आहे, तोंडात मारल्यासारखं बोलतो.

आणि आता खरं सांगते. त्या दिवशी संध्याकाळी यांना जेवू घालताना माझ्या मनात आलं की जाऊ दे यांना. मला एकदा तरी सलग झोपायला मिळेल. घास हातात तसाच राहिला आणि यांनी माझ्याकडे बघितलं. मला माझी लाज वाटली, पण विचार आला होता तो आला होता, तो मी पुसणार नाही.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि हे नेहमीप्रमाणे डब्ब्यासमोर बसले. अर्ज तिथंच टेबलावर होता, फक्त सही राहिली होती. मुलगा मागं उभा राहून बघू लागला. डाव यांच्या बाजूनं होता म्हणे. मुलगा मला हळूच सांगत होता, बघ आई, बाबांच्या सोंगट्या पुढं निघाल्या, कॉम्प्युटरच्या मागं राहिल्या, आता नुसत्या घरात न्यायच्या आणि बाहेर काढायच्या, दहा चालींत जिंकतात. तेवढ्यात यांनी बाण कोपऱ्यात नेला आणि डाव बंद करून टाकला. नवा लावला. तोही थोडा वेळ खेळले, पुन्हा जिंकत आले, पुन्हा बंद.

मुलगा खुर्चीत बसला. त्याचा चेहरा मला बघवेना. "आई, मीच शिकवलं होतं त्यांना हे," तो म्हणाला. "सोंगट्या घरात न्यायच्या असतात एवढंही आता ध्यानात नाही राहिलं."

मी काही बोलणार नव्हते. पण 'घरात न्यायच्या' हे शब्द कानात पडले आणि मला एकदम कन्हान आठवलं, सासर. सासूबाई दुपारी फरशीवर खडूनं घरं आखायच्या, फोडलेल्या चिंचोक्यांचे फासे टाकायच्या आणि नव्या सुनेला, म्हणजे मला, खेळायला बसवायच्या. हे आणि यांची भावंडं त्याच खेळावर वाढलेली. त्या खेळाचा एक कडक नियम होता. समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय तुमची सोंगटी आतल्या घरात शिरत नाही. त्या मारण्याला तोड म्हणायचे. मला कोणाला मारणं जमायचंच नाही, मग माझ्या सोंगट्या दारापर्यंत जायच्या आणि पुन्हा बाहेरून चक्कर. सासूबाई म्हणायच्या, तोड नाही तं घर नाही, फिर आता वं.

मी मुलाला विचारलं, आत्ता जे दोन डाव झाले त्यात बाबांनी कॉम्प्युटरची एखादी सोंगटी मारली होती का? तो आठवून म्हणाला, नाही. आणि पुढं मारायला मिळाली असती का? तो म्हणाला, नाही, दोघांच्या सोंगट्या एकमेकांना ओलांडून गेल्या होत्या, आता कोणी कोणाला मारू शकत नव्हतं, नुसतं पळायचं होतं. मी म्हटलं, बस इथं आणि पुढचे डाव बघ. त्याला तोडीचा नियम सांगितला. तो हसला. म्हणाला, आई, बॅकगॅमनमध्ये असं काही नसतं. मी म्हटलं, तुझ्या बॅकगॅमनमध्ये नसेल.

तिसऱ्या डावात कॉम्प्युटरची एक सोंगटी एकटी सापडली. यांचा डावा हात अजून पुरता वळलेला नाही, त्यात घाई, दोनदा बाण चुकला. तिसऱ्यांदा लागला. सोंगटी मेली. आणि मग हा माणूस जो सुटला! दाराशी खोळंबलेल्या सगळ्या सोंगट्या भराभर आत, एकही चाल न चुकवता, मुलगा ओठांतल्या ओठांत जी चाल म्हणेल तीच चाल. एकेक बाहेर काढली आणि जिंकले. चौथ्या डावात तोड मिळाली नाही. मुलगा पुढं वाकून म्हणाला, जा बाबा, जा घरात, जिंकले तुम्ही. यांनी त्याच्याकडे वळून बघितलं, अगदी मास्तर बघतो तसं, आणि डाव बंद केला.

विसरले म्हणे. आकलन क्षीण म्हणे. अरे, जिंकलेला डाव फेकून देतो हा माणूस, पण आईनं घालून दिलेला नियम मोडत नाही, आणि तेही त्या डब्ब्यासमोर, ज्याला यांची आई कोण हे ठाऊक नाही. झटक्याच्या आधीही असेच खेळत असतील. मी कधी बघितलं नाही, माझ्या तुंबड्या चालल्या होत्या ना. याचं मला वाईट वाटलं आणि तेवढाच आनंदही झाला, आणि रडू आलं ते मी पदरानं पुसलं.

मुलानं टेबलावरचा अर्ज उचलला. मग म्हणाला, खेळ कळतो हे मान्य, पण आई, राहायचं कुठं हे वेगळं आहे, आणि तिथं ते स्वतः हौ म्हणाले. झालं, माझ्या तोंडातून मले-तुले सुरू.

"मले नको सांगू," मी म्हटलं. "त्याईले विचार. पण तोंडाले विचारू नको, हाताले विचार. तुले रजा आहे ना, मंग बस त्याईच्या समोर आणि नीट विचार."

त्यानं खुर्ची ओढली, बापाच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. अख्खा अर्ज त्यानं वाचून दाखवला, साध्या आवाजात, न ओरडता. आई थकली आहे, हेही सांगितलं. ते सांगताना यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान खाली घातली नाही. हो, थकले आहे. मग मुलानं अर्ज टेबलावर ठेवला, पेन यांच्या डाव्या हातात दिलं आणि विचारलं, "बाबा, तुमाले तिथं राहाले जायचं आहे का?"

"हौ," हे म्हणाले.

मुलानं डोळे मिटले. मला वाटलं, संपलं.

पण पेन हलायला लागलं. "हौ, हौ," हे म्हणत होते, आणि हात कागदावरून सरकत होता, या कडेपासून त्या कडेपर्यंत, वाकडा, दाबून, कागद फाटेल एवढा दाबून. पहिली रेघ 'आकलन'वरून गेली. दुसरी शेवटच्या ओळीवरून. तिसरी कुठूनही कुठंही. तोंडानं हौ म्हणत त्यांनी तो अख्खा कागद खोडून काढला, पेन टेबलावर ठेवलं आणि घाम पुसायला माझा पदर ओढला.

मुलगा खोडलेल्या कागदाकडे बघत राहिला. पुढं काय करायचं, बाथरूमला दांड्या कुठं लावायच्या, मदतीला दिवसा बाई ठेवायची की माणूस, मला उचलणं झेपणार की नाही, यातलं काही अजून ठरलं नव्हतं. तीन दिवस तो हे सगळं मलाच विचारत होता, यांच्या डोक्यावरून. आता त्यानं खुर्ची आणखी जवळ घेतली.

"मंग काय करू, बाबा?" त्यानं विचारलं, आणि पेन पुन्हा त्यांच्या हातात दिलं.