किटलसनांचं पहिलं घर

अल्टन किटलसनला पाऊसपाणी विचारलं तरी उत्तर १८५४ पासून सुरू व्हायचं. त्या साली त्याचे पणजोबा नॉर्वेहून अमेरिकेत आले आणि आमच्या काउंटीतलं पहिलं घर त्यांनी बांधलं. ओंडक्यांचं, एका खोलीचं, खिडकी चांगली बोटभर तिरकी. आजोबांनी त्यात कोंबड्या ठेवल्या, वडिलांनी ट्रॅक्टरचे टायर. शेतीतून अंग काढल्यावर अल्टनने त्या खुराड्याचा देव्हारा केला. चर्चच्या तळघरात कॉफी पिताना त्याच्या शेजारची खुर्ची आम्ही मुद्दाम रिकामी ठेवायचो.

यंदा पहिल्या घरावर पितळी पाटी लावायचं ठरलं. अल्टनने नवा सूट आणला. आता फक्त इतिहास मंडळाच्या लोर्ना वीबकेची सही हवी होती, आणि लोर्नाच्या मते पहिलं घर तिच्या जर्मन पणजोबांचं. ते आता उरलेलं नाही, दिवाणखान्यात फोटो तेवढा आहे.

मी सुतार. घराच्या तळाची कुजलेली फळी बदलायला मला बोलावलं आणि लोर्ना देखरेखीला आली. फळी उचकटली तर आत पायाच नव्हता. दोन लांब लाकडं होती, पुढून वर वळलेली, बर्फावरच्या गाडीला असतात तशी.

"अल्टन, तुझं घर घसरत घसरत आलंय रे," लोर्ना म्हणाली.

आपापल्या घरी कुजबुजत सांगितलेलं आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. त्या काळी सरकारी जमीन नावावर करायची तर तिच्यावर घर आहे अशी शपथ घ्यावी लागे. मग एकच खोपट बैल जुंपून या शेतातून त्या शेतात फिरायचं, आणि जो तो बायबलवर हात ठेवून मोकळा व्हायचा.

"म्हणजे पणजोबांनी खोटी शपथ घेतली?" अल्टनने त्या लाकडांकडे बघत विचारलं. मला त्याची कीव आली, खोटं कशाला बोलू.

"खोटी कशी? त्या दिवशी घर होतंच की. सही मात्र आता विसर," लोर्ना म्हणाली.

पुराव्याचा फोटो काढायला ती चार पावलं मागे सरली. फोनमध्ये ती तिरकी खिडकी दिसली आणि तिचा चेहरा उतरला. तिच्या दिवाणखान्यातल्या फोटोत हीच खिडकी होती.

"फळी बसव," ती मला म्हणाली. "आणि खिळे जास्त मार."

मी मारले. आमच्याही घरी असाच एक फोटो आहे.

लोर्नाने सही केली, पाटी लागली. नव्या सुटातल्या अल्टनला चार शब्द बोलायला सांगितलं, तर म्हणाला, "चला, कॉफी निवतेय." त्याच्या शेजारी आता कोणीही बसतं. पाऊसपाणी विचारलं, तर तो पाऊसपाणीच सांगतो.